दोन ते आठ अंश

"हा फ्रिज माणसांसाठी आहे की बाटल्यांसाठी, तेच कळेनासं झालंय," आत्या फ्रिजमध्ये डोकं घालून पुटपुटत होत्या. "एक लिंबू ठेवायची सोय नाही."

आईने ऐकून न ऐकल्यासारखं केलं. बाटलीचा विषय निघाला की हल्ली ती दुसऱ्या कामाला लागत असे.

बाटली छकुलीची. छकुली कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकत होती आणि तिला अ‍ॅलर्जी होती गवताच्या परागकणांची. माशाला पाण्याचं वावडं असावं, तशी गत. सात महिने दर मंगळवारी ती कॉलेजच्या आरोग्यकेंद्रात जाऊन अ‍ॅलर्जीवरचं औषध दंडावर टोचून घेत होती. थेंबाथेंबाने वाढत डोस शेवटच्या पायरीला आला होता. ती पायरी चढली की डॉक्टर सही करणार, आणि सही मिळाली की तीन आठवड्यांनी माळावरच्या अभ्यासशिबिराला जायला ती मोकळी. शिबिराचे नवे बूट चावू नयेत म्हणून आतापासूनच ती ते घालून घरभर हिंडत होती.

अशात केंद्राचा फ्रिज बिघडला. तिथल्या सिस्टरनी ज्याची बाटली त्याच्या हाती दिली. "आठवडाभर घरी सांभाळा. दोन ते आठ अंश. गोठवायची मात्र नाही."

छकुलीने घरी हे जसंच्या तसं सांगितलं, पण 'थंड ठेवायची' एवढं ऐकून बाबा आंघोळीला गेले. बाबांचा स्वभावच असा, की दोन खिळ्यांचं काम असलं तर पाच ठोकायचे. त्यांनी बाटली उचलून थेट बर्फाच्या कप्प्यात ठेवली.

दुसऱ्या दिवशी आईच्या हाती लागली तेव्हा आतल्या औषधाचा खडा झाला होता. आईने बाटली मुठीत धरली, मग काखेत धरली, आणि पाणी झाल्यावर गुपचूप खालच्या कप्प्यात सरकवली. नवऱ्याला जाब विचारावा तर आपलंही सांगावं लागलं असतं. म्हणून ती गप्प राहिली आणि रोज सकाळी फ्रिज उघडून बाटलीकडे आजाऱ्याकडे बघावं तसं बघत राहिली.

मंगळवारी एका इंजेक्शनसाठी घरातून चौघं निघाली.

"तुम्ही सगळे कशाला?" छकुलीने विचारलं.

"तेवढेच पाय मोकळे होतील," आत्या म्हणाल्या. त्यांचे गुडघे चार वर्षांत मोकळे झाले नव्हते.

केंद्रात सिस्टरनी बाटली उजेडाला धरली. छकुलीने बाही खांद्यापर्यंत वर केली होती.

"फ्रिजमध्येच होती ना?"

"थंडच होती," बाबा म्हणाले. "चांगली थंड."

"तशी फार काही तापली नाही," आत्या म्हणाल्या.

सिस्टरचा हात थांबला. "तापली?"

"शुक्रवारी मी फ्रिज पुसायला काढला होता. बाटली खिडकीत ठेवली आणि जरा डोळा लागला. कोवळंच ऊन होतं हो."

"मग बरंच झालं की, ताई," बाबांचा चेहरा एकदम उजळला. "आधी गोठली, मग तापली. सरासरी काढली तर चार-पाच अंशच भरेल."

"गोठली?" छकुली आईकडे वळली. "आई, हे काय बोलतायत? तू तर रोज बघत होतीस."

आईला खोटं बोलता आलं असतं. शब्द जिभेवर तयारही होते. पण समोर तो उघडा दंड होता.

"गोठली होती," ती म्हणाली. "मी काखेत धरून वितळवली. नका टोचू, सिस्टर."

सिस्टरनी बाटली कचऱ्याच्या डब्यात टाकली. "नवी यायला महिना लागेल. मग खालच्या डोसपासून परत चढायचं."

मग तिघांनाही कंठ फुटला.

"ताई, उन्हाने वाट लावली तिची."

"आणि आधी दगड कुणी केला होता रे?"

"वन्सं, मला सांगायचं तरी होतंत."

"नवी बाटली ताजी असेल, जास्त गुण येईल," बाबा म्हणाले.

"आणि महिना काय, बघता बघता जातो," आत्या म्हणाल्या.

भिंतीवर कॅलेंडर होतं. त्याच्याकडे बघायचं सगळ्यांनीच टाळलं. आई तर पदराचं टोक उलगडून परत गुंडाळत बसली.

छकुलीने बाही खाली ओढली. मनगटाचं बटण दोनदा निसटलं, तिसऱ्यांदा लागलं.

"शिबिर गेलं," ती म्हणाली.