बाथरूममधला एनलार्जर

मोजमापात अण्णांचा हात धरणारा कोणी नाही, असं खुद्द अण्णांचं मत होतं. छापखान्याच्या कॅमेरा खात्यात फिल्म धुण्यात त्यांची हयात गेली होती, आणि निवृत्तीनंतर त्यांनी घरातल्या एकुलत्या एक बाथरूमची डार्करूम करून सगळ्यांच्या नाकी नऊ आणले होते. आंघोळी उरकल्या की झरोक्याला काळा कागद, लाल दिवा आणि फरशीवर रसायनांचे ट्रे. बायको या सगळ्याकडे कानाडोळा करायची, कारण अण्णांनी तिला शब्द दिला होता.

तिच्या आईची एक निगेटिव्ह होती. तळहाताएवढी, जुन्या मोठ्या कॅमेऱ्यातली. आईचा दुसरा फोटो कुणाकडेच नव्हता. हल्ली आईचा चेहरा नीट आठवेनासा झाला होता, आणि त्याची तिला भीती वाटायची. भिंतीवर लावण्याएवढा फोटो करून देतो, असं अण्णा म्हणाले खरे, पण निगेटिव्हवरून मोठा फोटो काढायच्या त्यांच्या छोट्या एनलार्जरमध्ये एवढी मोठी निगेटिव्ह मावेना. घरातच राहणारा धाकटा मेहुणा, ज्याला आई मुळीच आठवत नव्हती, म्हणाला, फोनवरून काढून बाहेर छापून आणू. अण्णांनी त्याच्याशी बोलणंच टाकलं.

मग मोठा एनलार्जर शोधणं सुरू झालं. एकाने भिंग केव्हाच विकून नुसता सांगाडा ठेवला होता. दुसऱ्याकडे निघाला तो शाळेतला प्रोजेक्टर. अण्णांच्या चपला झिजल्या, गुडघे कुरकुरू लागले. शेवटी बंद पडलेल्या एका स्टुडिओचा मालक म्हणाला, फुकट न्या, पण आजच न्या. अण्णांनी टेप काढून यंत्र मोजलं. वर किती जातं ते पाहिलंत ना, असं मालकाने विचारलं, तेव्हा त्यांनी त्याच्याकडे नुसतं दयेने पाहिलं.

पाहिलं नव्हतं! फोटो मोठा करायचा तर यंत्राचं डोकं खांबावरून वर सरकवावं लागतं, हे अण्णांइतकं कुणाला ठाऊक असणार? पण मोजलं ते डोकं खाली असताना. हमालांनी कुंथत ते धूड बाथरूममध्ये उभं केलं आणि ते निघून गेले. अण्णांनी डोकं वर सरकवलं, तर ते वीतभर जाऊन माळ्याला टेकलं.

आता घराबाहेर तोंड दाखवायला जागा नव्हती. अण्णांना युक्ती सुचली. डोकं आडवं वळवायचं, म्हणजे प्रकाश समोरच्या दारावर पडेल आणि कागद दारालाच टाचता येईल. त्यांनी दार लावलं आणि यंत्र जरा मागे रेटलं. फरशीला मोरीकडे उतार होता. यंत्राचं जड बूड त्यावरून घसरलं आणि भिंत नि दार यांच्यामध्ये पाचरीसारखं बसलं. दार आत उघडणारं. ते आता तसूभरही हलेना.

बाहेरून मेहुण्याने खांदा लावून पाहिला. त्याची आंघोळ व्हायची होती, त्यामुळे जोर मनापासून होता. शेवटी सुतार आला. बिजागऱ्या आतून आहेत, खालची फळी कापावी लागेल, असं तो म्हणाला. आत अण्णांना काहीच काम नव्हतं. कागद होता, दिवा होता, रसायनं होती. त्यांनी यंत्राचं डोकं दाराकडे वळवून त्यात निगेटिव्ह घातली, कागद दाराला टाचला आणि यंत्राचा दिवा लावला. काळ्या चेहऱ्याच्या, पांढऱ्या केसांच्या सासूबाई दारावर आल्या. तेवढ्यात करवत चालू झाली आणि सासूबाई थरथरू लागल्या.

"करवत थांबवा," अण्णा आतून म्हणाले. "दार हललं तर फोटो हलेल, उजेड आला तर सगळंच जाईल. मोठा कागद हा एकच उरलाय."

मेहुणा आंघोळीचं काहीतरी पुटपुटला. बायकोने सुताराचा हात धरला.

"थांबा जरा. आई यायचीय अजून."

बाहेर करवत थांबली. अण्णांनी कागद ट्रेमध्ये सोडला. हळूहळू केस आले, कान आला, हनुवटी आली. मग डोळे आले, आणि अण्णा ट्रेवर वाकले. डोळे मिटलेले होते. निगेटिव्हमध्ये हे त्यांना कधी कळलंच नव्हतं. कागद खराब झाला म्हणून सांगावं, असंही एकदा मनात आलं. पण खोटं बोलण्याइतकंही त्राण त्यांच्यात उरलं नव्हतं.

फोटो पक्का झाल्यावर त्यांनी करवत चालू करायला सांगितली, आणि फळी कापून झाल्यावर ओला फोटो भोकातून बाहेर सरकवला. त्यांना फक्त पावलं दिसत होती.

"डोळे मिटलेत की, भाऊजी," मेहुणा म्हणाला.

बायकोने फोटो दोन्ही हातांत उचलला. मग ती खाली फरशीवरच बसली आणि भोकातून तिचा चेहरा दिसला. ती रडत होती आणि हसतही होती.

"अहो, हीच आई! कॅमेरा समोर आला की डोळे मिटायचीच. बाबा किती चिडायचे. मी विसरूनच गेले होते हो."

अण्णा फोटो पुन्हा बघायला भोकाशी वाकले. तोपर्यंत फोटो बाहेरच्या खोलीत गेला होता, आणि त्याच्यामागोमाग मेहुणा, बायको आणि करवत खाली ठेवून सुतारही. त्या भोकातून मांजर आलं असतं, अण्णांना जाणं शक्य नव्हतं. बाहेर चहाचे कप वाजले. आमच्या वडिलांचीही एक निगेटिव्ह घरी पडून आहे, असं सुतार सांगत होता.

"आणा की आत्ताच," बायको म्हणाली. "ते आहेतच आत."