उजवीकडची दातकोरणी

रॉयसने ठरवलं, आज पत्त्यांपेक्षा दातकोरणीकडे बघायचं.

लबक शहराजवळ त्याचं टायरचं दुकान. गिऱ्हाईक दारात आलं की त्याचा खिसा ओळखणारा माणूस, पण पोकरमध्ये मेहुणा वेंडेल त्याला दर शुक्रवारी धुऊन काढायचा. शेवटी रॉयसने शोध लावला: पानं खरंच चांगली असली की वेंडेलच्या तोंडातली दातकोरणी डावीकडे, ब्लफ मारत असला की उजवीकडे. या शोधाला दोन वर्षं लागली होती (तेवढ्यात माणूस एखादी भाषा शिकतो).

संध्याकाळी रॉयसच्या स्वयंपाकघरात डाव रंगला. टेबलावर पाच पानं उघडी, त्यांत तीन बदाम. रॉयसची राजांची जोडी आणि दहांची जोडी जमलेली. बाकीचे दोघे पत्ते टाकून मोकळे झाले होते. वेंडेलने पैशांऐवजी मांडलेल्या आपल्या सगळ्या चकत्या मध्ये लोटल्या. त्याच्या हातात आणखी दोन बदाम असले, तर पाच बदाम जुळून रॉयसचे राजे रद्दीत.

दातकोरणी उजवीकडे होती.

एरवी बडबडणारा वेंडेल आज गप्प. कपाळावर घाम, दाढीआड जबडा आवळलेला. बरोबरी करायला रॉयसच्या चकत्या मात्र पुरेनात. उरली होती ती अंगणातली भट्टी, तेलाच्या जुन्या टाकीतून स्वतः बनवलेली. उद्या तीच गावच्या मांस भाजण्याच्या स्पर्धेला न्यायची होती. नऊ वर्षांत बक्षीस कधी मिळालं नव्हतं, पण यंदा खात्री होती (दर वर्षीसारखीच).

तेवढ्यात बायको, नेल्डा, सूपचा वाडगा घेऊन आली. "रॉयस, ऐक जरा, वेंडेलला आज..."

"डाव चालू असताना बोलायचं नाही. घराला आग लागली तरी."

ती वाडगा धरून तिथेच उभी राहिली. रॉयसचा हात पत्ते टाकायला सरकला, थबकला, मागे आला. त्याने पुन्हा दातकोरणीकडे पाहिलं.

"भट्टी लावली," तो म्हणाला.

वेंडेलने पत्ते उलटले. दोन्ही बदाम.

"पण ती तर उजवीकडे होती!" रॉयसच्या तोंडून निसटलं.

"डावीकडची दाढ काढलीय दुपारी," भावापुढे वाडगा ठेवत नेल्डा म्हणाली. "मीच नेलं होतं. आता कळा येताहेत बिचाऱ्याला."

"दाजी," वेंडेल अर्ध्या तोंडाने पुटपुटला, "उद्या स्पर्धेत माझ्या भट्टीत लाकडं घालायला तुम्हीच या."

रॉयस गेला. (भट्टी दुसऱ्याच्या हाती सोडवेना.) वेंडेलला पहिलं बक्षीस मिळालं. दुखऱ्या जबड्यामुळे त्याने मांसाचा एक तुकडाही चाखला नव्हता. न राहवून रॉयसने परीक्षकाला विचारलं, यात एवढं विशेष ते काय?

"विशेष काही नाही," परीक्षक म्हणाला. "पण या भट्टीवर दर वर्षी कोणीतरी सारखं चाखून मीठ घालत बसायचं. तो माणूस या वर्षी आलेला दिसत नाही."