हत्तीचा दोर धरणारा

आमच्या गल्लीतल्या तात्या पेंटरांनी एकदा मटणाच्या दुकानाच्या पाटीवर सिंह आणि बकरी शेजारी-शेजारी बसवली. मालक भडकला. "पेंटर, गिऱ्हाईक बकरं न्यायला येतंय, त्येची दोस्ती बघायला न्हाय."

तात्या शांत. मुघलांच्या चित्रांत ही दोघं बादशहाच्या पायाशी अशीच बसतात, म्हणजे राज्यात न्याय आहे, हे त्यांनी त्याला समजावलं. "काटा तरी सरळ ऱ्हाईल तुझा."

मालकानं सिंह पुसायला लावला.

रद्दीत मिळालेलं मुघल चित्रांचं पुस्तक तात्या जिवापाड जपत. मी तेव्हा चळवळीची पत्रकं लिहायचो; त्यातली शाही मिरवणूक बघून एकदा भाषणच ठोकलं: हत्ती म्हणजे सत्तेचा माज, छत्र म्हणजे लूट, माणसं म्हणजे धूळ. तात्यांनी माझ्या हातात भिंग दिलं.

"बादशा सोड. खाली बघ. दोर कुणी धरलाय?"

हत्तीच्या पायाशी नखाएवढा अनवाणी माणूस होता. गालावर सुरकुत्या, तोंडात एक दात कमी. चितारणाऱ्यानं त्याला त्याचा स्वतःचा चेहरा दिला होता.

तेव्हापासून माझी पत्रकं थोडी बदलली. तात्या मात्र होते तसेच. लग्नाच्या वरातीत नवरदेवाला ओलांडून घोडा धरणाऱ्याला नाव विचारायचे.

नव्वद सालानंतरची कुठलीतरी भीमजयंती. मिरवणुकीच्या ट्रॉलीसाठी तात्यांनी मोठा पडदा रंगवायला घेतला. आदल्या दिवशी बघतो तर हत्ती तयार, घोडे तयार, दोर धरणाऱ्याला तोंडच नाही. मी चिडलो. तात्यांनी पत्र्याच्या पेटीतून एक फोटो काढला. संस्थानी दसऱ्याची स्वारी, अंबारीचा हत्ती. कडेला दोर आणि एक हात. तिथंच फोटो संपलेला.

"आमचा बा. हत्तीखान्यात हुता. मी तीन वर्साचा असताना गेला. त्येचं तोंड मला ठावं न्हाय."

मी पहाटेच्या एसटीनं मलकापूरला गेलो आणि त्यांच्या थोरल्या बहिणीला, आक्काला, घेऊन आलो. बाप गेला तेव्हा ती तेरा वर्षांची होती.

आक्का चहासुद्धा न घेता पडद्यासमोर उभी राहिली. "नाक बसकं काढ. एवढं न्हाय. डावी भुवई मोडकी, सोंड लागलती."

तात्या पुसत होते, रंगवत होते. दुपार कलली तशा आक्काच्या दुरुस्त्या संपल्या. मग डोक्यावर पदर घेऊन चित्राला म्हणाली, "चल बा."

संध्याकाळी ट्रॅक्टर सुरू झाला. वाऱ्यानं पडद्याचा एक दोर सुटून फडफडायला लागला. एरवी फुटपाथवरून मिरवणूक बघणारे तात्या पुढं झाले आणि त्यांनी तो धरला. पोरं म्हणाली, तात्या, वर बसा.

"न्हाय," चालता चालता तात्या म्हणाले. "दोर कुणीतरी धराय पायजे की."