इंद्रभान गुरुजींचा उजवा जोडा

इंद्रभान गुरुजींनी डाव्या पायातला जोडा काढला आणि तिकडे थायलंडात हिरव्या मोटारसायकलवरचा एक माणूस अठराव्या नंबरावरून चौदाव्यावर आला. या दोन गोष्टींचा एकमेकींशी काडीचा संबंध नाही, हे गुरुजींइतकं अख्ख्या मेहकरात दुसऱ्या कुणाला ठाऊक नव्हतं. छत्तीस वर्षं त्यांनी लोणारच्या पोरांना हेच तर शिकवलं. मांजर आडवं गेल्यानं बस चुकत नाही. घरून उशिरा निघाल्यानं चुकते.

ते उजव्या जोड्याकडे वाकले, तेवढ्यात आतून जावयाची आरोळी आली.

"मामाजी! हलू नोका!"

गुरुजी वाकलेलेच राहिले. त्यांना वाटलं, पायाशी विंचू आहे.

"काऊन? काय हाय?"

"पोपट चौदावा आला ना बाप्पा! तुमी जोडा काढला अन् त्यानं सटासट चार जन मांगं टाकले. आता तसेच बसा. तिथंच, स्टुलावर."

जावई अश्वजित याचं रस्त्याकडेला मोटारसायकलींचं गॅरेज होतं आणि त्याच्या मागच्या अंगाला घर. आज रविवार, गॅरेज बंद, आणि मोटारसायकल शर्यतींच्या नव्या हंगामाची आज पहिली शर्यत. टीव्हीपुढच्या चटईवर अश्वजित, त्याचा टेम्पोवाला मित्र गजेंद्र आणि समोरच्या कटिंगच्या दुकानातला गोकुळ असे तिघं जण मांडीला मांडी लावून बसले होते. तिघांचा जीव त्र्याऐंशी नंबरच्या गाडीवर. तिच्या स्वाराचं खरं नाव तिघांपैकी एकाच्याही जिभेवर बसत नव्हतं. गाडी हिरवी, कपडे हिरवे, म्हणून तो पोपट. मागच्या हंगामात पोपट बहुतेक वेळा शेवटून पहिला. एकदा तर पडला, उठला आणि बंद गाडी ढकलत ढकलत घेऊन गेला. त्या दिवसापासून अश्वजितचा त्याच्यावर जीव जडला. ढकलत आणलेल्या गाड्यांवरच तर त्याचं घर चालत होतं.

गुरुजी मात्र शर्यत बघायला आले नव्हते. सेवानिवृत्तीला तीन वर्षं झाली होती आणि तीन वर्षांत त्यांना कुणी 'दोन शब्द बोला' म्हटलं नव्हतं. हंडीतलं पाणी जसं कुणी न घेता उडून जातं, तसे सांगायचे शब्द आतल्या आत आटत चालले होते. आणि अचानक त्यांची जुनी विद्यार्थिनी अनुपमा हिचा फोन आला. हिवरा आश्रमाच्या पुढे एका गावात ती वाचनालय चालवते. "गुरुजी, येत्या रविवारी तीन वाजता तुमचं व्याख्यान ठेवलंय. विषय, अंधश्रद्धा आणि आपण." गुरुजींनी अकरा पानं लिहिली. दोनदा पुसून तिसऱ्यांदा लिहिली. पत्नीला, रुख्मिणीबाईंना, मोठ्यानं वाचून दाखवली. आज दुपारी लोणारहून एसटीनं ते मेहकरला आले, ते जावई इथून गाडीवर सोडून देणार म्हणून.

"अर्धा-पाऊण तास, मामाजी. शर्यत झाली की लगेच निघू. दोनच्या ठोक्याले," अश्वजित दारातच म्हणाला होता.

मुलगी मयुरी दवाखान्यात ड्यूटीवर गेली होती. ती घरी असती, तर ही गोष्ट दोन मिनिटांत आटपली असती.

"जावईबापू," गुरुजी शांतपणे म्हणाले, "माह्या पायाचा अन् त्या पोराच्या गाडीचा काय संबंध? सांगा बरं."

"संबंध नाई हो. पन तुमी हलू नोका."

"थांबा. तुमाले प्रयोगच करून दाखवतो." गुरुजींमधला शिक्षक जागा झाला. "मी हा दुसरा जोडा काढतो. पाहा, काहीही होनार नाई."

त्यांनी उजवा जोडा काढला. वळणावर पोपटाचं मागचं चाक घसरलं आणि तो सोळाव्यावर गेला.

"घाला! घाला!" तिघं ओरडले. गुरुजींनी जोडा घातला. पोपट पंधराव्यावर आला.

"योगायोग," गुरुजी म्हणाले. "एका निरीक्षणावरून निष्कर्ष काढत नसतात. किमान तीन पाह्यजेत." आणि त्यांनी पुन्हा जोडा काढला. पोपट सतरावा. घातला, तर चौदावा. तिसऱ्यांदा काढला, तेव्हा पोपट ट्रॅक सोडून खडीत गेला आणि धुराळा उडवत कसाबसा परत आला.

गजेंद्रनं हात जोडले. "गुरुजी, तुमच्या पाया पडतो. पन त्या जोड्याले हात लावू नोका."

गुरुजींनी जोडा परत घातला. तीन प्रयोग, तीन वेळा तोच निष्कर्ष. हे त्यांच्या अकरा पानांत कुठेच नव्हतं. ते उंबऱ्याशी लोखंडी स्टुलावर बसून राहिले. उजवा पाय जोड्यात, डावा उघडा, हातात मधेच मिळालेल्या चहाची रिकामी कपबशी. कपबशी खाली ठेवायलासुद्धा गोकुळनं मनाई केली होती. आणि पोपट बारावा झाला, दहावा झाला, आठवा झाला. मेहकरच्या त्या खोलीत असा आवाज उठला की वरच्या पत्र्यावरची कबुतरं उडाली.

दोन वाजायला दहा कमी असताना तिकडे पाऊस आला. लाल झेंडा निघाला. शर्यत थांबली.

"झालं तर मग," गुरुजी उठू लागले.

"बसा बसा! संपली नाई, थांबली हाय!" अश्वजितनं त्यांचे खांदे धरले. "पाऊस उघडला की पुन्हा सुरू. राह्यलेल्या चकरा."

"आन् तवरोक मी?"

"तुमी हायेत तसेच."

थायलंडातला पाऊस काही मेहकरच्या माणसाची वेळ बघून पडत नाही. सव्वादोन झाले. टीव्हीवर माणसं लांब झाडूंनी रस्त्यावरचं पाणी सारत होती. गुरुजींचा डावा पाय मुंग्यांनी भरून गेला. अडीच वाजले आणि त्यांचा आवाज चढला.

"जावईबापू, तीन वाजता माहं व्याख्यान हाय! पोरगी वाट पाहून राह्यली असंल. तीन वर्षांनी कोनी बलावलं मले."

अश्वजित उठला. त्याचा चेहरा उतरला होता. सासऱ्याचा शब्द मोडवत नव्हता आणि पोपटाला सोडवत नव्हतं.

"चाला मामाजी. गाडीवर बसा."

"गाडीवर बसले म्हंजे स्टूल सुटलं ना बे," गोकुळ म्हणाला.

तिघांनी एकमेकांकडे पाहिलं. मग तिघांनी मिळून दाराबाहेर उभ्या असलेल्या गजेंद्रच्या टेम्पोकडे पाहिलं. गुरुजींनी त्या नजरा पाहिल्या आणि म्हणाले, "नाई. अजिबात नाई."

पाच मिनिटांनी टेम्पो हिवरा आश्रमाच्या रस्त्याला लागला होता. मागच्या हौद्यात मधोमध स्टूल, स्टुलावर इंद्रभान गुरुजी, त्यांच्या एका पायात जोडा, हातात कपबशी. काढलेला डावा जोडा अश्वजितच्या मांडीवर, एखाद्या तान्ह्या लेकरासारखा. नाही म्हणणाऱ्या माणसाला कुणी उचललं, तर त्यानं पाय झाडायला हवेत. गुरुजींनी झाडले नव्हते, कारण झाडले असते तर उजवा जोडा निसटला असता. ही गोष्ट त्यांच्या स्वतःच्या ध्यानात आली ती चार किलोमीटरवर.

रस्त्याच्या दोन्ही अंगांना हरभरा काढून झाला होता, पळसाला केशरी फूल आलं होतं. गोकुळच्या हातात मोबाइल. शर्यत पुन्हा सुरू झाली.

"सातवा!"

टेम्पो खड्ड्यात गेला. गुरुजी वीतभर वर उडाले आणि पुन्हा स्टुलावर येऊन आदळले.

"उठले! मामाजी उठले!" अश्वजित घाबरला.

"उठले नाई, उडाले," गोकुळनं निकाल दिला. "अन् पडले त्याच स्टुलावर. चालते."

"कितवा हाय?" हा प्रश्न कुणी विचारला, म्हणून अश्वजितनं वळून पाहिलं. प्रश्न गुरुजींनी विचारला होता.

"सहावा, मामाजी."

"हं," गुरुजी म्हणाले आणि कपबशी जरा घट्ट धरली.

गावाच्या आधी उतार लागतो आणि उताराला मोबाइलची रेंज जाते. पोपट सहावा असताना चित्र थांबलं ते थांबलंच. गोकुळ चालत्या टेम्पोतून उतरला आणि पाण्याच्या टाकीच्या टेकाडाकडे पळत सुटला. तेवढ्यात वाचनालय आलं.

बाहेर साठ-सत्तर माणसं उभी होती. वक्ते टेम्पोतून, स्टुलावर बसून, एका पायानं अनवाणी येतात, हे त्यांनी पहिल्यांदाच पाहिलं. कुणी म्हणालं, पाय मोडला असेल. कुणी म्हणालं, नवस असेल. कलाबाई नावाच्या एका म्हातारीनं तर हातही जोडले. अश्वजित आणि गजेंद्रनं स्टूल तसंच उचलून मंचावर नेऊन ठेवलं. गुरुजींच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या होत्या. मंचामागच्या फलकावर मोठ्या अक्षरांत लिहिलं होतं, 'अंधश्रद्धा आणि आपण'.

अनुपमा पुढे आली. "गुरुजी, पायाला काय झालं?"

"काही नाही बेटा. सांगतो मग."

"मग आधी प्रतिमांना पुष्पहार तुमच्या हस्ते."

टेबलावर तथागतांची आणि बाबासाहेबांची प्रतिमा होती. पुढे झेंडूची फुलं आणि मेणबत्ती. अश्वजितनं मंचाखालून सासऱ्याकडे पाहिलं. त्याच्या डोळ्यांत एवढी काकुळती होती, जशी नदीला पूर आल्यावर पलीकडच्या थडीला राहिलेल्या माणसाच्या डोळ्यांत असते.

गुरुजींनी कपबशी खाली ठेवली. वाकून उजव्या पायातला जोडा काढला. आणि उठून उभे राहिले.

एवढ्या साध्या गोष्टीला एक क्षण पुरला. दीड तासात तो क्षण सापडला नव्हता. दोन्ही अनवाणी पायांनी ते पुढे गेले, हार घातला, मेणबत्ती पेटवली, हात जोडले. अश्वजितनं डोळे मिटून घेतले आणि मग तोही हात जोडून उभा राहिला.

माइकसमोर आल्यावर गुरुजींनी खिशातली अकरा पानं काढली, पाहिली आणि परत ठेवली.

"मित्रहो," ते म्हणाले, "माझ्या पायाला काही झालेलं नाही. जे झालंय ते डोक्याला. तेच सांगायला उभा आहे."

आणि त्यांनी सगळं सांगितलं. डावा जोडा, चौदावा नंबर, तीन प्रयोग, कपबशी, खड्डा. लोक आधी बिचकत हसले, मग पोट धरधरून. "मला कुणी बांधून ठेवलं नव्हतं," गुरुजी सांगत होते. "माझ्या जावयानं नुसतं 'बसा' म्हटलं. पहिली पाच मिनिटं मी त्याच्या आग्रहाखातर बसलो. पुढचा सव्वा तास मी भीतीपोटी बसलो. आपण उठलो आणि ते पोरगं पडलं, तर? ज्याच्यावर आपला जीव असतो ना, त्याच्यासाठी काहीच हातात नसलं की माणूस निदान जोडा तरी धरून ठेवतो. अंधश्रद्धा मूर्खांच्याच घरी जाते, असं मी छत्तीस वर्षं शिकवलं. आज ती माझ्या पायात शिरली. तिला काढायचं असेल तर आधी ती आत आहे हे कबूल करावं लागतं."

टाळ्या पडल्या. अनुपमा पदरानं डोळे पुसत होती. तीन वर्षं आटलेलं पाणी आज असं काही वाहिलं की व्याख्यान चार वाजून गेले तरी संपेना.

संपता संपता टाकीकडून गोकुळ पळत आला; तिकडचा बक्षीससमारंभ संपेपर्यंत तो टेकाडावरून हलला नव्हता. धापा टाकत, चपलेचा अंगठा तुटलेला.

"जिंकला! पोपट जिंकला! पह्यला नंबर!"

अश्वजितनं गजेंद्रला उचललं. गजेंद्रनं अश्वजितला उचललं. ज्या लोकांनी तासाभरापूर्वी पोपटाचं नावही ऐकलं नव्हतं, तेही टाळ्या पिटू लागले. गुरुजींचा चेहरा उजळला.

"पाहिलंत?" त्यांनी माइक ओढला. "मी जोडा काढला, जागेवरून उठलो, तरीही तो जिंकला! सिद्ध झालं! संबंध नाही!"

गोकुळनं श्वास सावरला. "गुरुजी, तुमी कितीले उठले?"

"तीन वाजून पाच मिनिटांनी असेल."

"तीन-पाचलोक तो सहाव्यावरच अडकला होता. तीन-पाचनंतर एकेक करत पाचही जन मांगं टाकले त्यानं. म्या सोता पाह्यलं." गोकुळ सभेकडे वळला. "आपलंच चुकलं. यायले बसवाचंच नव्हतं. उभं करा लागत होतं."

सभेतून "हाव हाव" असा आवाज आला. कलाबाईनं पुन्हा हात जोडले. गुरुजींनी पुढची वीस मिनिटं योगायोग म्हणजे काय, हे फळ्यावर आकडे मांडून समजावलं. सगळ्यांनी माना डोलावल्या. कुणालाही पटलं नाही.

संध्याकाळी टेम्पोचा व्हिडिओ लोणारला त्यांच्या आधी पोचला होता. रुख्मिणीबाई तूर पाखडत बसल्या होत्या. नवरा दारात दिसला तशी त्यांनी सुपाच्या ठेक्यावर ओवी धरली:

"एक पाय जोड्यामंधी, एक पाय उघडा गं,
शहाना माहा धनी बाई, कोनं केला वेडा गं."

गुरुजी स्वतःशी हसत होते. त्या आठवड्यात त्यांना आणखी दोन गावांहून व्याख्यानाची बोलावणी आली.

पुढच्या शर्यतीच्या दिवशी पाऊस नव्हता, लाल झेंडा नव्हता. टीव्हीपुढे अश्वजित, गजेंद्र, गोकुळ, आणि आज घरी असलेली मयुरीही. शेवटच्या दहा फेऱ्या उरल्या होत्या, तेवढ्यात मोबाइल वाजला.

"जावईबापू, सहज फोन केला. बरे हायेत ना सगळे?"

"हाव मामाजी."

"मयुरी बरी हाय ना?"

"मस्त हाय."

गुरुजी घुटमळले. मग घसा खाकरून म्हणाले, "पोपट कितवा हाय?"

"चौथा, मामाजी."

पलीकडून, गुरुजींच्या मागून, रुख्मिणीबाईंचा आवाज स्पष्ट ऐकू आला.

"अहो, बसा ना आता! अर्धा तास झाला उभे हायेत. पाय सुजतीन!"