राजदूताची शिष्टाई

"रविवारी संध्याकाळी बाबा आपल्याकडे असतील, आणि कायमचे," असं राजदूताने बायकोला छातीठोकपणे सांगितलं आणि तिला आतली खोली रिकामी करायला लावली.

हा राजदूत म्हणजे खराखुरा राजदूत नव्हे. पाणीपुरवठ्याच्या कचेरीत तो पाइपांचे नकाशे काढायचा, आणि दिवसभरात त्याच्या तोंडून दोन-चार वाक्यं निघाली तरी शेजारच्या टेबलावर त्याची चर्चा व्हायची. पण दर शनिवारी तो मित्रांबरोबर एका खेळाला बसायचा. त्यात भूगोलाचे एक मास्तर गोष्ट रचत जायचे आणि बाकीचे त्या गोष्टीतली पात्रं व्हायचे. काही अवघड करायचं असलं की वीस बाजूंचा फासा टाकायचा, त्यात आपल्या पात्राच्या अंगचे गुण मिळवायचे, आणि आकडा मोठा आला की ते जमलं असं समजायचं. आपल्या माणसाने सगळे गुण एकाच कलेत ओतले होते: समोरच्याचं मन वळवणं. त्या टेबलावर त्याच्या जिभेवर साखर असायची. एका ड्रॅगनला नुसतं गोड बोलून त्याने गुहा सोडायला लावली होती, तेव्हापासून सगळे त्याला राजदूत म्हणत. शेजारी बसणारा दातांचा डॉक्टर मात्र खेळात कुऱ्हाडवाला व्हायचा. त्याच्या पात्राला बोलण्यात शून्य गुण होते.

एरवी हे सगळं हसण्यावारी गेलं असतं. पण राजदूताचे वडील आठवड्यापूर्वी न्हाणीघरात पडले, आणि शेजारणीला हाक ऐकू जाईपर्यंत तसेच गार फरशीवर पडून राहिले. ते एकटेच राहत. पुढच्या वेळी शेजारीण घरी नसली तर, या विचाराने राजदूताची झोप उडाली होती. फोनवर विचारलं की वडील म्हणत, "बघू." आणि त्यांचं 'बघू' म्हणजे काय हे तो लहानपणापासून जाणून होता.

म्हणून शनिवारी त्याने खेळातच रंगीत तालीम करायची ठरवली.

"मी तुझे वडील," मास्तर म्हणाले आणि त्यांनी खांदे पाडले. "अरे, तुमच्या संसारात माझी अडगळ कशाला?"

राजदूत असा काही बोलला की मास्तरांनी चष्मा काढून डोळे पुसले. मग फासा पडला. वीस!

"पटलं रे बाबा. चल, येतो मी."

"पण काका खरंच अडगळ वगैरे म्हणतील का?" दातांच्या डॉक्टरने विचारलं.

"तुझे गुण शून्य. तू गप बस," मास्तर म्हणाले. झालं, राजदूत हरभऱ्याच्या झाडावर चढला तो रविवारपर्यंत उतरलाच नाही. टेम्पो ठरवला, खोकी जमवली, आणि सामान उचलायला डॉक्टरला बरोबर घेतलं.

वडील टेबलापाशी चहात बिस्किट बुडवत बसले होते. राजदूत समोर बसला आणि त्याने घसा खाकरला.

"बाबा, तुम्ही आमच्या घरात अडगळ नाही."

"मी अडगळ आहे असं कोण म्हणालं?"

हा प्रश्न तालमीत नव्हता. राजदूताने तो ओलांडला. "तुम्ही मनाला लावून घेऊ नका. वडीलधारं माणूस म्हणजे घराचा आधार—"

"हे कुठे पाठ केलंस?"

बोलणं अडलं की शनिवारी हात जे करतो, तेच राजदूताच्या हाताने केलं. तो खिशात गेला, आणि फासा टेबलावरून गडगडत जाऊन वडिलांच्या बशीला टेकला.

वडिलांनी चष्मा लावला. "हे काय?"

"एकोणीस," राजदूत हळूच म्हणाला.

"कशाचे?"

कशाचे ते सांगण्याची सोय नव्हती.

वडिलांनी बशी बाजूला सारली. "मागे मी महिनाभर तुझ्याकडे होतो. सूनबाई कामावर. तू घरी आलास की भिंतीकडे तोंड करून नकाशे काढायचास. महिन्याभरात माझ्याशी काय बोललास, आठवतं? 'टीव्हीचा आवाज कमी करा.' इथे निदान शेजारीण भांडते तरी."

राजदूताला आठवलं, आणि आठवलं ते त्याला फार लागलं. ड्रॅगनशी मात्र तो दोन तास बोलला होता.

दारात रिकामं खोकं घेऊन उभा असलेला डॉक्टर चुळबुळला. "काका, डावीकडे कवळी टोचते का? मघापासून एकाच बाजूने चावताय."

"टोचते की. दोन वर्षं झाली. कोणाला सांगणार?"

कवळी बाहेर आली, खिडकीशी उजेडात धरली गेली. घासावी लागेल, मग लावून बघायची, परत घासायची. खेपा बऱ्याच होतील. "माझ्या दवाखान्यामागे एक खोली मोकळी आहे," डॉक्टर म्हणाला. "जिना नाही. मीही तिथेच राहतो, एकटाच. दिवसभर समोर माणसं असतात, पण सगळ्यांची तोंडं उघडी आणि बोलता कोणालाच येत नाही."

वडील हसले. कवळीशिवाय, मनापासून. असं हसणं राजदूताने आई गेल्यापासून पाहिलं नव्हतं.

"चला मग," वडील म्हणाले. "टेम्पो आलेलाच आहे."

"तुझी हरकत नाही ना रे?" डॉक्टरने ओशाळून विचारलं. हरकत कशी घेणार? वडील आता एकटे पडणार नव्हते. हवं ते झालं होतं, फक्त ते त्याच्या घरी होणार नव्हतं.

वडील आणि डॉक्टर पुढे बसले. राजदूत मागे, गुंडाळलेल्या गादीवर. वाटेत बायकोचा फोन आला.

"निघाले का बाबा?"

"निघाले."

"तयार झाले? कमाल आहे तुझी. खोली झाडून ठेवलीये."

टेम्पोच्या आवाजात पुढचं ऐकू येत नाही असं सांगून त्याने फोन ठेवला.

सामान लागलं. डॉक्टर चहा ठेवायला आत गेला. राजदूत दारात घुटमळला, तेव्हा वडील उठून त्याला सोडायला दारापुढच्या पायरीपर्यंत आले. पाहुण्याला म्हणावं तसं ते म्हणाले, "येत जा अधूनमधून. संकोच करू नकोस."

राजदूताला पुष्कळ बोलायचं होतं. तो म्हणाला, "बरं."