गुलाबरावांचा उजवा खांदा

आमच्या पुसदच्या वृद्धाश्रमातील गुलाबराव रोज सकाळी आपला उजवा खांदा असह्य दुखत असल्याचे सांगत, आणि मी ते लिहून घेईपर्यंत त्याच हाताने भरलेली बादली उचलून चालू लागत.

निवृत्त मुख्याध्यापक या नात्याने रहिवाशांच्या प्रकृतीच्या नोंदी ठेवण्याचे काम मी आग्रहाने मागून घेतले होते. शीर्षके लाल शाईत, तक्रार रुग्णाच्याच शब्दांत, आणि एक कडक नियम: शेजाऱ्याने उत्तर सांगायचे नाही. परीक्षेतला हा नियम आजारपणालाही शोभतो, अशी माझी समजूत होती.

गुलाबराव पूर्वी नेरच्या बाजारात कापसाची प्रत ठरवीत. दुखण्याचीही ते तशीच ठरवीत. "लिहा गुरुजी, आज दुखणं ओल्या कापसावानी जड हाये. पक्कं लिहा." मी अवतरणचिन्हांसह पक्के लिही. बादलीसाठी रकाना नव्हता, म्हणून बादली लिहीत नसे. डॉक्टरांना खांदा उत्तम वाटला. पण माझ्या नोंदींचा रेखीवपणा पाहून त्यांनी वेदनाशामक गोळी सुरू केली.

शेजारच्या खाटेवर रहीमचाचा असत. अर्धांगवायूने त्यांची वाचा गेली होती. काही त्रास आहे का, असे विचारले की ते मंद हसत. मी 'तक्रार नाही' असे लिहून खाली रेघ मारी.

एके सकाळी दात घासताना चाचांच्या हिरड्यांतून येणारे रक्त थांबेना. त्यांना रक्त पातळ ठेवण्याचे औषध चालू होते. यांना दुसरी कुठली गोळी दिली का, असे सिस्टरने घाबरून विचारताच गुलाबराव उभे राहिले.

"माह्यी गोळी मी त्याले देऊन राह्यलो. खांदा त्याचा ठणकते. कूस बदलली का कण्हते."

मला का सांगितले नाही, असे मी विचारले.

"तुमीच म्हणता ना गुरुजी, दुसऱ्याचं उत्तर सांगाचं नाही. मंग माह्यंच म्हून सांगतलं."

डॉक्टर धावत आले. दोन औषधे एकत्र आल्याने वाहणारे रक्त थांबले, आणि चाचांना त्यांच्या नावावर, त्यांना चालणारे औषध मिळाले. मी प्रत्येक कागदावर एक नवा रकाना आखला: 'सांगणारे'. सवयीने, लाल शाईतच.

दुसऱ्या सकाळी गुलाबरावांना त्यांची स्वतःची तक्रार विचारली. "मले काय होते," म्हणत ते बादलीकडे वळले. तेवढ्यात चाचांनी डावा हात उचलून गुलाबरावांच्या डाव्या गुडघ्याकडे बोट दाखवले, आणि ते तसेच धरून ठेवले.

गुलाबरावांनी बादली खाली ठेवली. ते हळूच खाटेवर टेकले.

मी लिहिले: डावा गुडघा. सांगणारे: रहीमचाचा.