गजूसोबत जेवण, माणशी अठराशे

चिकपेटेत बावीस वर्षं साड्या विकणाऱ्या माणसाला फसवणं सोपं नाही, हे आधीच सांगून ठेवतो. पदर दोन बोटांत धरला की मला माल कळतो, आणि गिऱ्हाईक पायरी चढतानाच ते घेणार की नुसत्या घड्या मोडायला लावणार हेही कळतं. त्यामुळे होसूर रोडवर, बोम्मसंद्र्याच्याही पुढे, एका थीम पार्कात ‘गजूसोबत जेवण’ माणशी अठराशे रुपयांत मिळतं असं फोनवर वाचलं तेव्हा मी एका मिनिटात निकाल दिला. घेण्यासारखं आहे!

घरात कुणालाच पटलं नाही. माझी बायको रूपश्री म्हणाली, एवढ्या पैशांत चामराजपेटेतल्या आपल्या अख्ख्या गल्लीला इडली-वडा होईल, वर कॉफीसुद्धा. माझी आत्या तानूबाई आमच्याकडेच असते आणि तिचं मत कधी विचारावं लागत नाही. तिने चौकशी केली, हा गजू कोण? मी समजावलं. गजू म्हणजे त्या पार्कातला हत्ती. निळा, दोन पायांवर चालणारा, गळ्यात पिवळा टाय. आत माणूस असतो, पण ते मुलांसमोर बोलायचं नसतं. आपण जेवायला बसलो की तो येऊन शेजारी बसतो, फोटो काढू देतो आणि निघून जातो.

"म्हणजे पानावर येऊन न जेवता जातो?" आत्याने विचारलं.

मी हो म्हणालो. इथेच सावध व्हायला हवं होतं, पण मी तोपर्यंत चार पानांचे पैसे भरून मोकळा झालो होतो.

घाई करण्याचं कारण गौरी. माझी मुलगी, वय वर्षं सहा. दोन महिन्यांपूर्वी तिला टायफॉइड झाला. तो बरा झाला, पण जाताना तिची भूक घेऊन गेला. गोष्टी सांगून झाल्या, आमिषं दाखवून झाली, आत्याने तीन वेळा दृष्ट काढली. पोरगी दोन घास खायची आणि ताट सरकवायची. डॉक्टर म्हणाले, महिन्याभरात वजन वाढलं नाही तर दवाखान्यात ठेवू. रूपश्रीने त्या दिवसापासून माझ्याशी जेवणाव्यतिरिक्त कशाबद्दलही बोलणं सोडलं होतं. आणि अशात त्या जाहिरातीत गजूला बघून गौरी आपणहून म्हणाली, "याच्याबरोबर मी जेवीन." मी अठराशे काय, हत्तीच विकत घेतला असता.

फक्त एक गोष्ट माझ्या लक्षातून गेली. आमच्या घरी एक रीत आहे. पानावर पाहुणा असेल तर त्याने पहिला घास घेतल्याशिवाय घरच्यांनी ताटाला हात लावायचा नाही. गौरी बोलायला लागली तेव्हापासून आत्याने ही रीत तिच्यात पक्की भिनवली आहे. पाढे विसरेल, ही रीत विसरणार नाही.

रविवारी दुपारी एकला आम्ही चौघं तिथे बसलो. बुफेवर बेचाळीस पदार्थ होते. मी मोजले, मोजणारच. गौरी स्वतः ताट घेऊन हिंडली. पुलाव घेतला, पनीर घेतलं, जिलबी घेतली. दोन महिन्यांत पहिल्यांदा पोर आपणहून काही वाढून घेत होती. रूपश्रीने माझ्याकडे पाहिलं आणि मी शर्टाची कॉलर नीट केली.

मग गजू आला. पोरांनी कल्ला केला. तो डुलत डुलत आमच्या टेबलाशी आला आणि गौरीच्या शेजारच्या खुर्चीत बसला. गौरीचा चेहरा उजळला. मी म्हणालो, चल, सुरू कर. ती म्हणाली, "पाहुण्यांनी आधी." आणि तिने स्वतःचं ताट गजूपुढे सरकवलं.

गजूने मान हलवली. पोटावरून हात फिरवून, भरलंय, अशी खूण केली. पोरांना ही खूण बघून हसू येत असेल. आमच्या आत्याला तिचा अर्थ एकच कळतो: पाहुणा संकोचतोय. आत्याचा आग्रह आमच्या नातेवाइकांत प्रसिद्ध आहे. लग्नाच्या पंगतीत लोक तिला येताना बघून पानावर दोन्ही हात आडवे धरतात आणि ती हातांवर वाढते. तिने जिलबी उचलली. गजूने ताट पंजांनी झाकलं. तिने जिलबी पंजावर ठेवली. पाक निळ्या केसांत उतरला.

"असं कसं, गजूअण्णा," ती म्हणाली. "लेकरू खोळंबलंय तुमच्यासाठी. एक घास तरी घ्या."

दुसरी जिलबी तिने थेट सोंडेखाली नेली. तिथे तोंड असावं असा तिचा समज होता. तिथे होती जाळी, आणि त्या जाळीतूनच आतला माणूस बाहेर बघत होता. आत्याने जिलबी त्याच्या डोळ्यांसमोर नेऊन दाबली. हत्तीने मान मागे घेतली, आत्या पुढे सरकली, हत्तीची खुर्ची भिंतीला लागली. आता मागे जायला जागा नव्हती. मग आतून दबका आवाज आला.

"आक्का, नको. आज माजी संकष्टी हाय. ह्यातलं काय चालत न्हाई मला."

आत्याचा हात तिथेच थांबला. गजूही थिजला, कारण या पात्रांनी बोलायचं नसतं. बोललं तर नोकरीवर बेततं. मी दाराकडे पाहिलं. तिथला मॅनेजर वेणुगोपाल पाठमोरा उभा होता, त्याने ऐकलं नव्हतं. मी सुटकेचा श्वास सोडला तो फार लवकर सोडला.

पित्ताचा त्रास वाढल्यावर डॉक्टरांनी आत्याचे उपास बंद केले होते, आणि उपासच नाही तर तिथी बघून जीव कशाला जाळा म्हणून तिने पंचांग उघडणंही सोडलं होतं. संकष्टी आहे हे तिला आता कळत होतं, आणि तेही हत्तीकडून! तिने जिलबी खाली ठेवली, हात पदराला पुसले आणि गजूला नमस्कार केला. मग शेजारच्या टेबलावरच्या आजीबाईंना कन्नडमध्ये सांगितलं, की हा हत्ती संकष्टी धरतो.

त्या आजीबाई उठून आल्या. त्यांच्यामागे त्यांची सून आली. पलीकडच्या टेबलावरून आणखी दोघी आल्या. पाच मिनिटांत सेल्फीच्या रांगेतली पोरं मागे राहिली आणि पुढे नुसत्या आज्या. एकीने गजूच्या पायाशी केळं ठेवलं, एकीने दहाची नोट. एका गृहस्थाने मुलाच्या बदलीचं काही होईल का, असंही विचारलं. गजू बिचारा दोन्ही पंजे वर करून नाही नाही म्हणत होता आणि लोक तो आशीर्वाद समजत होते.

या सगळ्यात गौरीने आपलं ताट बाजूला केलं आणि शांतपणे जाहीर केलं, "माझीपण संकष्टी."

मी म्हणालो, लहान मुलांना उपास नसतो. आत्या म्हणाली, असं कुठे लिहिलंय? लेकराने संकल्प केला तर तो मोडू नये. शिवाय पाहुणा उपाशी, घरातलं सगळ्यात लहान माणूस उपाशी, तर मोठ्यांनी चरत बसणं बरं दिसत नाही. तिने तिचं ताट सरकवलं. रूपश्रीने आधीच सरकवलं होतं, पण ते रागाने. मी पुरीचा अर्धा तुकडा तोंडात घातला होता, तो कुणाचं लक्ष नसताना गिळला. बेचाळीस पदार्थ, चार भरलेली ताटं आणि खाणारं कुणी नाही.

वेणुगोपाल धावत आला. जेवणात काही कमी आहे का, असं विचारू लागला. मी म्हणालो, मुलीचा उपास आहे. त्याचा चेहरा मोकळा झाला. "सरी, सरी, एवढंच ना? गरम उप्पिट्टु पाठवतो. स्वल्प थांबा." आणि खरंच वाफाळतं उप्पिट्टु आलं, वर काजू घातलेलं. गौरीने वास घेतला. तिचा हात पुढे आला. रूपश्रीने माझं मनगट घट्ट धरलं.

"रवा?" आत्या म्हणाली. "उपासाला रवा?"

वेणुगोपालने अदबीने सांगितलं, की त्याची आई गेली चाळीस वर्षं संकष्टीला उप्पिट्टुच खाते. आत्यानेही अदबीने सांगितलं, की त्याच्या आईविषयी तिला फार आदर आहे, पण रव्याने उपास मोडतो. तो म्हणाला, भात खाल्ल्याने मोडतो. ती म्हणाली, रव्यानेही. सव्वाशे वर्षं आमची मराठी आणि त्यांची कन्नड घराणी या गावात एकमेकांच्या शेजारी सुखाने राहिली, ती बहुधा एकमेकांच्या घरी उपासाच्या दिवशी गेली नाहीत म्हणून. रूपश्री माझ्या कानात म्हणाली, रवा तर रवा, देव एक दिवस बघून न बघितल्यासारखं करेल. गौरीचे कान तिखट. तिने हात मागे घेतला.

मग उकडलेले बटाटे मागवले. आले ते मसाला डोशातले, कांदा घातलेले. फळं होती, पण पाहुण्यांनी आधी, आणि पाहुण्यांना तोंड नव्हतं. मी डॉक्टरांचा चेहरा आठवत बसलो. एवढ्यात घंटा वाजली. गजूची सुट्टीची वेळ झाली होती. तो सुटला तसा तडक एका दारामागे दिसेनासा झाला. इकडे आत्या बिनकांद्याच्या बटाट्यांसाठी वेणुगोपालशी बोलत होती, मी दोघांच्या मध्ये पडत होतो. वळून बघतो तर गौरीची खुर्ची रिकामी.

ती कुठे गेली असेल हे मला लगेच कळलं. आत गजू मुंडकं काढून बसला असणार. पोरीने ते पाहिलं तर हत्ती संपला. हत्ती संपला तर जेवणही संपलं, मग थेट दवाखाना! मी ‘फक्त कर्मचाऱ्यांसाठी’ लिहिलेलं दार ढकलून धावत सुटलो.

बोळाच्या टोकाला पायरीवर तो बसला होता. गळ्यापर्यंत निळा हत्ती, गळ्याच्या वर पंचेचाळिशीचा माणूस, घामाने निथळणारा. हत्तीचं डोकं शेजारच्या स्टुलावर होतं. आणि गौरी बरोबर त्याच्या समोर उभी होती.

"गौरी," मी धापा टाकत म्हणालो, "हे गजूचे मोठे भाऊ बरं का."

तिने माझ्याकडे पाहिलंही नाही. त्याला विचारलं, "तुम्ही फराळ करता?"

तो करत होता. नाव शिवाप्पा, निपाणीकडचा. बायकोने, शिवलीलाने, सकाळी साबुदाण्याची खिचडी करून डबा दिला होता. त्याने डबा उघडला, गौरीकडे पाहिलं, मग माझ्याकडे. मी मान हलवली. त्याने एक चमचा तोंडात घातला. गौरी त्याच्या शेजारी पायरीवर बसली आणि चमच्यासाठी हात पुढे केला.

तिने एकोणीस चमचे खाल्ले. हेही मी मोजले. मागून रूपश्री आली, धुवायच्या कपड्यांच्या गाठोड्यावर बसली आणि सरळ रडायला लागली. आत्या आली, तिने डब्यात डोकावलं, आणि माझ्या माहितीत पहिल्यांदाच कुणालाही आग्रह केला नाही. डबा रिकामा झाल्यावर आमच्या ध्यानात आलं, की शिवाप्पाच्या वाट्याला तो पहिला चमचाच आला होता. मी म्हणालो, चला बाहेर, निदान फळं घ्या, पैसे भरलेत आम्ही. तो म्हणाला, पाहुन्यांच्यातलं खाल्लं तर काढून टाकत्यात. घंटा झाली. त्याने डोकं चढवलं आणि रिकाम्या पोटी नाचायला गेला.

परतीच्या टॅक्सीत मी गौरीसाठी मनातल्या मनात भाषण जुळवत होतो. बोम्मसंद्र्याच्या सिग्नलला सुरुवात केली. "हे बघ बाळा, गजूच्या आत जे होते ना..."

"मला माहीत होतं, अप्पा."

"कधीपासून?"

"फोनवर बघितलं तेव्हाच. त्याच्या पाठीला चेन आहे."

मग एवढं सगळं कशासाठी, मी विचारलं. पाहुण्यांनी आधी काय, संकष्टी काय! खोटा हत्ती आहे हे माहीत होतं तर सरळ जेवायचं होतंस.

"हत्ती असता तर जेवलेच असते," ती म्हणाली. दुकानातल्या नव्या माणसाला घडी शिकवावी तितक्या सावकाशीने तिने पुढचं सांगितलं. "आत मामा होते. सगळे त्यांच्यासमोर जेवत होते आणि त्यांना कुणी विचारतच नव्हतं."

आत्या खिडकीबाहेर बघायला लागली. मीही बघितलं, पण माझ्या बाजूला नुसता एक सिमेंटचा ट्रक होता.

एवढ्यात फोन वाजला. पार्कने विचारलं होतं, आजचं जेवण कसं होतं, कृपया तारे द्या. अर्ध्या पुरीवरून काय सांगणार? शेवटी जी जेवली होती तिलाच विचारलं.

"छान होतं," गौरी म्हणाली. "तिखट जरा जास्त होतं. पण मामांना सांगू नका."

मी पाच तारे दिले. तिखटाचं लिहिलं नाही.